नरारा आणि खिजडिया: आधी ओहोटी बघा, मग तिकीट काढा

बडोदेकरांची समुद्राची सहल एकतर दमणला जाते, नाहीतर सोमनाथ-दीवला. जामनगरच्या पुढचं नरारा त्या यादीत सहसा नसतं, कारण तिथे वाळूत बसायची सोयच नाही. आहे तो चिखल, तिवरं आणि ओहोटीला उघडा पडणारा प्रवाळाचा खडक. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान 1982 साली जाहीर झालं, देशातलं पहिलं. पोहता येत नसलं तरी नुसतं चालत जाऊन जिवंत प्रवाळ बघता येतो, एवढ्यासाठी बडोद्याहून जायला हरकत नाही.

मात्र शनिवार-रविवार बघून तिकिटं काढलीत तर सहल अक्षरशः पाण्यात. सिक्का किंवा ओखा बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता नेटवर मिळतो. ओहोटीची उंची 1 मीटरच्या खाली आणि वेळ उजेडातली, असा दिवस शोधा. ढोबळ हिशोब पंचांगातूनही होतो: अमावस्या-पौर्णिमा आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी लांबवर ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे ओहोटी असूनही खडकावर पाणी. शिवाय ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. रविवारचं सोमवारवर ढकललंत तर टॅक्सीवाल्याला नवी वेळ कळवायला विसरू नका.

जामनगरहून द्वारका रस्त्याने वाडीनारकडे वळायचं. शेजारी तेलाची रिफायनरी, इकडे राष्ट्रीय उद्यान. असला शेजार दुसरीकडे कुठे दिसायचा नाही. ओळखपत्र दाखवून वनखात्याची पावती घ्यायची आणि स्थानिक गाइड बरोबर घ्यायचा. अमेरिकेहून आलेला भाचा सोबत असेल तर त्याचा पासपोर्ट घ्या. परदेशी नागरिकांचा दर वेगळा आहे.

नीच पाण्याच्या, म्हणजे ओहोटी पूर्ण लागण्याच्या, दीड-दोन तास आधी चालायला लागा, ओसरणाऱ्या पाण्यामागून पुढे जा आणि पाणी वळलं की परत फिरा. भरती फक्त समोरून येत नाही. खोलगट ओहोळांतून ती आधी तुमच्या पाठीमागे भरते आणि येताना घोट्याएवढं असलेलं पाणी जाताना गुडघ्याच्या वर लागतं. फोटोच्या नादात मागे राहणारे इथेच अडकतात. पायात जुने, नाडीचे, जाड तळाचे कॅनव्हासचे बूट हवेत. चप्पल पहिल्याच चिखलात रुतून बसते आणि फ्लोटर्समधून उघडी राहणारी टाच कालवांच्या कडांनी कापली जाते. पाऊल वाळूवर टाका, प्रवाळावर नको. खडकावर सावली औषधालाही नाही. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.

दिसतं काय? समुद्रफुलं, समुद्रकाकडी, ठिसूळ हातांचे तारामासे, खेकडे आणि नशीब असेल तर ऑक्टोपस. दगडाखाली तो दगडाच्याच रंगाचा होऊन बसलेला असतो. गाइडने बोट दाखवल्यावरही क्षणभर दिसत नाही. फुगा मासा हातात घेऊन दाखवण्याचा आग्रह कोणी केला तर साफ नाही म्हणा. पाण्याबाहेर काढला की तो पाण्याऐवजी हवा गिळून फुगतो आणि ती हवा बाहेर टाकणं त्याला जड जातं. शंख-शिंपला खिशात घालणं हा इथे गुन्हा आहे.

भरतीच्या वेळी काय करायचं, तर खिजडिया. जामनगरपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या या पक्षी अभयारण्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं. बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. गोड्याकडे तलवार बदकं आणि थापट्या. खाऱ्याकडे रोहित (फ्लेमिंगो), चमचे (स्पूनबिल), उचाट्या, शेकाटे. भरतीने बाहेरचा चिखल बुडाला की किनारी पक्षी आत सरकतात, म्हणून दुर्बीण तेव्हाच काढावी. 8×42 ची पुरे, पण तुतवारांच्या जाती ओळखायच्या असतील तर स्पॉटिंग स्कोपशिवाय भांडणंच होतील. क्रौंच आणि कांड्या करकोचे दिवसा शेतांत चरतात, म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी बांधावर थांबा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नुसती बदकंच बघायची असतील तर आपलं डभोईजवळचं वढवाणा तळं आहेच. एवढा प्रवास कशाला?

आखातातल्या पिरोटन बेटाचा हट्ट धरू नका. परवानगी, होडी आणि भरती तिन्ही जुळायला लागतात, आणि भरतीवर गेलेली होडी पुढच्या भरतीशिवाय परतत नाही.

मुलांना वाळू हवीच असेल तर द्वारकेजवळच्या शिवराजपूरला एक दिवस द्या. तो ओखामंडळाचा किनारा, म्हणजे पूर्वीच्या बडोदे संस्थानाचाच. सयाजीरावांच्या सरकारने सागरी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेलकडून तिथल्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली होती, अहवालाचा पहिला भाग 1909 चा.

बडोद्याहून जामनगरला जाण्यासाठी मुंबई–ओखा सौराष्ट्र मेल बरी; मोटारीने पावणेचारशे किलोमीटर पडतात. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना नराऱ्यात उतरवू नका, त्यांना खिजडियाच्या सपाट बांधावर न्या.