‘ओरिजिनल विंडोज ११’ असलेला छोटा लॅपटॉप घेताय? आधी हे वाचा

जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सोलापुरात बाहेरगावचे विक्रेते पुष्कळ येतात. यंदा त्यातल्याच एकाने एका मंगल कार्यालयात दोन दिवसांचा सेल लावला होता. बोर्डावर लिहिलं होतं, ‘कंपनी रिटर्न लॅपटॉप, ओरिजिनल विंडोज ११ सह’.

मी टॉवेलच्या काही कारखानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटी रिटर्न भरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकेकाच्या ऑफिसात बसून बिलं नोंदवायची असतात. मोठा लॅपटॉप गाडीच्या डिकीत बसत नाही, आणि लाइट गेली की त्याची बॅटरी तासाभरात मान टाकते. म्हणून ११ इंची, पंखा नसलेला, अ‍ॅटम (इंटेलच्या कमी विजेच्या) प्रोसेसरचा लॅपटॉप हवा होता. अशी मशीन वीज कमी खातात, बॅटरीवर बराच वेळ चालतात. यात खोटं काहीच नाही. लबाडी असते ती वर टाकलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये.

“मालक, चार जीबी रॅम, दीडशे जीबी स्टोरेज, विंडोज लाइफटाइम. साडेआठ हजार द्या. शोरूमला याचेच वीस मोजाल.” विक्रेत्याने व्हिडिओ चालवून दाखवला, वर्ड उघडून दाखवलं. हातात शिक्का मारलेली चिठ्ठी दिली आणि पक्कं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला. ते बिल अजून यायचंय.

घरी आल्यावर ‘धिस पीसी’ उघडलं. सी ड्राइव्ह अवघा २८ जीबी, त्यात दोन जीबीसुद्धा मोकळे नाहीत. डी ड्राइव्ह मात्र ११९ जीबी. बाजूच्या कडेवर बोट फिरवलं तर एके ठिकाणी पृष्ठभाग जरा वेगळा लागला. बॉडीच्याच रंगाची काळी टेप होती. ती नखाने सोलली, आत स्लॉट, आणि स्लॉटमध्ये मेमरी कार्ड! कार्ड काढलं की डी ड्राइव्ह गायब. खरं स्टोरेज ३२ जीबी ईएमएमसी (स्वस्त मशीनमधली स्टोरेज चिप), तेही बोर्डावर सोल्डर केलेलं, म्हणजे बदलायची सोय नाही. रॅमची तीच कथा. चिठ्ठीवर बारीक अक्षरात ‘२+२’ लिहिलंय. त्यातले दोन खरे, उरलेले दोन म्हणजे त्याच ३२ जीबीतून कापून रॅमऐवजी वापरलेली जागा, म्हणजे पेजिंग फाइल. सगळं मिळून आधीच हळू मशीन आणखी हळू.

आता विंडोज ११ च्या अटी बघा. मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीतला ६४ बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, किमान ६४ जीबी स्टोरेज, शिवाय टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय). माझ्या मशीनमध्ये २०१६ सालचा अ‍ॅटम एक्स५-झेड८३५०. रॅम, जागा, प्रोसेसर, तिन्हीत नापास. मग विंडोज ११ बसली कशी? इन्स्टॉल करताना होणारी तपासणी बायपास करता येते, त्यात फार अक्कल लागत नाही. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि इथे तर अपडेटची सर्व्हिसच बंद करून ठेवलेली होती.

‘लाइफटाइम’चं बिंगही लगेच फुटलं. कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएलएमजीआर’, एक स्पेस, स्लॅश, ‘एक्सपीआर’ असं टाइप केलं (अर्थात इंग्रजी अक्षरांत) की अ‍ॅक्टिव्हेशन कायमचं आहे की मुदतीचं ते कळतं. माझ्याकडे तारीख आली. मोठ्या ऑफिसांसाठी केएमएस नावाची अ‍ॅक्टिव्हेशनची पद्धत असते. तिची मुदत १८० दिवसांची, आणि ऑफिसच्या सर्व्हरशी बोलून ती पुन्हा पुन्हा वाढते. क्रॅकवाले त्या सर्व्हरचं सोंग घेणारं टूल मशीनमध्येच बसवतात. ते टूल पकडलं जाऊ नये म्हणून डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या ‘एक्स्क्लुजन’ (इथे तपासू नको) यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला. थोडक्यात, अँटिव्हायरस चालू दिसतो, पण बघत काहीच नाही. अशा मशीनवर मी पाच जणांचे जीएसटी पासवर्ड टाकणार होतो आणि डिजिटल सहीचं टोकन लावणार होतो. साडेआठ हजारांपेक्षा राग मला याचा आला.

फोन केला तर म्हणे, “मालक, फॉरमॅट मारू नका, विंडोज जाईल. पाहिजे तर १० टाकून देतो.” विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, हे सांगितल्यावर फोन कट झाला. त्यानंतर नंबर लागलेला नाही.

हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली लागत असेल तर विंडोजशिवाय गत्यंतर नाही, आणि मग दोन जीबीची मशीन बघूच नका. लहान आणि कमी विजेचंच हवं असेल तर सेलेरॉन एन४०२० किंवा इंटेल एन१०० वाली मशीन मान्य यादीत आहेत. रॅम मात्र आठ जीबीच्या खाली घेऊ नका. ब्राउझरवरच भागत असेल तर क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) चांगलं, पण सेकंड हँड घेताना सेटिंगमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’मध्ये जाऊन अपडेट कधीपर्यंत मिळणार ते वाचा. २०२१ पासूनच्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट मिळतात, जुन्यांची तारीख उलटूनही गेलेली असू शकते. जुन्या लॅपटॉपवर टाकायच्या क्रोमओएस फ्लेक्सलाही चार जीबी रॅम लागते, त्यामुळे तीही माझ्या कामाची नव्हती.

दोन जीबीवर उरतं हलकं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकायची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. मी सगळं पुसून डेबियन हे लिनक्स टाकलं, त्यावर स्क्रीनची मांडणी हलक्या एलएक्सक्यूटीची. अँटीएक्स हे दुसरं लिनक्सही चाललं असतं. या जातीच्या काही मशीनमध्ये प्रोसेसर ६४ बिट पण यूईएफआय (मशीन चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२ बिट असतं, त्यामुळे बरेच पेन ड्राइव्ह बूटच होत नाहीत. डेबियनमध्ये त्याची सोय आहे. स्पीकर अजून गप्प आहे, पण हिशेबाला आवाज लागतो कुठे! मोजके टॅब उघडून जीएसटी पोर्टल नीट चालतं आणि प्रोप्रायटर मंडळींचं रिटर्न ओटीपीवर जातं. टॅली आणि डिजिटल सहीची कामं घरच्या जुन्या डेस्कटॉपवर.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. हॉल कुणाच्या नावावर घेतला होता ते कार्यालयाच्या मॅनेजरने सांगितलं. विक्रेता बाहेरगावचा असला तरी अडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, म्हणजे आपल्याला सोलापुरातच. याच सेलमधून कुणी घेतलं असेल तर फॉरमॅट करण्याआधी ड्राइव्हचा, अ‍ॅक्टिव्हेशनच्या तारखेचा आणि एक्स्क्लुजन यादीचा स्क्रीनशॉट काढा. टेपखालच्या कार्डाचा फोटो घ्या आणि ती चिठ्ठी, कितीही फालतू दिसली तरी, फेकू नका.