तळ्याकाठी चार रात्री, डोंगरावर तीन

सलग नऊ वर्षं आम्ही सुट्टीत तंबू घेऊन समुद्रावर गेलो. यंदा नाही गेलो. चार रात्री एका तळ्याकाठच्या कॅम्पसाइटवर काढल्या आणि पुढच्या तीन डोंगरात, साधारण 1,900 मीटर उंचीवर. आम्ही तिघी होतो: मी, माझी 68 वर्षांची आई आणि 11 वर्षांची मुलगी. आईचा उजवा गुडघा दुखतो, हे आधीच सांगते, कारण पुढे लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी त्या गुडघ्यावरून ठरल्या. लिहिणार आहे ते मुख्यतः रात्रींबद्दल. दिवसा समुद्राला तोड नाही, हे मी आजही मानते. पण तंबू आपण झोपायला लावतो.

समुद्र का सोडला, ते थोडक्यात. गेल्या वर्षी चांदणं बघायचं म्हणून मुद्दाम पौर्णिमा गाठली. दुपारच्या भरतीची ओली रेघ पाहून तिच्या वर चार पावलं तंबू लावला. एका भरतीनंतर दुसरी साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं, हे मला पाठ होतं. तरीही दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात हे लक्षात घेतलं नाही. रात्री सव्वा वाजता पाणी तंबूच्या दाराशी आलं आणि आईला हाताला धरून, कोरड्या भुसभुशीत वाळूतून, अपरात्री वर न्यावं लागलं. तिच्या गुडघ्याला ती चाल झेपत नाही. त्या रात्री ती एका शब्दाने कुरकुरली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

बाकीच्या तक्रारी जुन्याच. कोरड्या वाळूत खुंटी धरत नाही. कापडी पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून हातभर खोल पुरली तर तंबू टिकतो, पण अशा आठ पिशव्या पुरायला तास जातो. खाऱ्या हवेने स्लीपिंग बॅग सकाळपर्यंत दमट होते, तंबूच्या चेनमध्ये वाळू आणि मीठ बसून ती अडकायला लागते. आणि सावली नसेल तर सकाळी सातनंतर आत थांबवत नाही.

तळ्याकाठी पोचल्यावर पहिलं सुख खुंटीचं मिळालं. दाबून बसलेली माती होती. खुंटी तंबूच्या उलट दिशेला कलती ठोकली की हलत नाही. वीस मिनिटांत तंबू उभा. स्वच्छतागृह आमच्या जागेपासून 80 पावलांवर, सपाट वाटेने. आईने मोजली. पहिल्या संध्याकाळी तिने खुर्ची घोटाभर पाण्यात ठेवली आणि दोन तास तिथे बसून राहिली. लाट नाही, पायाखालची वाळू सरकत नाही, उठून मागे जायची घाई नाही. समुद्रावर तिला असं बसलेलं मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

पहिली रात्र मात्र वाईट गेली, आणि ती चूक जागा निवडण्याची. अगदी पाण्यालगतची जागा रिकामी दिसली म्हणून घेतली. तळ्याकाठची हवा बाष्पाने भरलेली असते, आणि रात्री उतारावरची गार हवा घसरत खाली येऊन काठाशी साचते. त्यात आईला थंडी वाजते म्हणून मी तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या. तिघींच्या श्वासातलं पाणी बाहेर जायला वाटच राहिली नाही. पहाटे चार वाजता कापडाला आतून थेंब लोंबकळत होते आणि मुलीची उशी ओली झाली होती. पाऊस पडला नव्हता. तंबू गळका नव्हता.

सकाळी व्यवस्थापकांना विचारून आम्ही जागा क्रमांक 14 वर गेलो. पाण्यापासून चाळीसेक मीटर मागे, किंचित उंचावर, झाडांखाली. वरच्या फांद्यांत वाळकं लाकूड अडकलेलं नाही ना, हे आधी मान वर करून नीट पाहिलं. झाडाखाली तंबू लावताना हे केलंच पाहिजे. त्या रात्री वरचं आवरण चांगलं ताणून घेतलं, समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या वितभर उघड्या ठेवल्या आणि आईला एक जास्तीचं पांघरूण दिलं. सकाळी आतलं कापड कोरडं होतं. पाण्यालगतच्या जागा सगळ्यात आधी भरतात, फोटोही त्यांचेच दिसतात. माझं ऐकाल तर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतली उंच जागा मागून घ्या.

मुलीचा मुक्काम पाण्यातच होता. दुसऱ्या दिवशी तिने बुडी मारली आणि वर येऊन ओरडली, “आई, खाली कुणीतरी बर्फ ठेवलाय!” उन्हाने तापलेलं पाणी हलकं असतं, ते वरच राहतं, खालचं गार, जड पाणी त्यात सहजासहजी मिसळत नाही. मधला थर इतका पातळ असतो की छाती उबेत आणि पाय गारठ्यात असं होतं. पोहणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे गंभीरपणे घ्यावं. अचानक गार पाणी लागलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही अडचणीत येतो. शिवाय लाटा नसल्यामुळे तळं निरुपद्रवी वाटतं, पण तळ कुठे एकदम खचतो ते वरून कळत नाही. मुलगी पोहण्यात तरबेज आहे, तरी लाइफ जॅकेटशिवाय तिला खोलात सोडलं नाही. यावरून आमचं रोज भांडण झालं आणि रोज मी ऐकलं नाही.

या कॅम्पसाइटची एक गोष्ट मनापासून आवडली. काठावर पाण्याच्या स्थितीचा फलक होता आणि तो रोज सकाळी बदलला जात होता. उष्ण, स्थिर दिवसांत तळ्यात निळं-हिरवं शेवाळ माजू शकतं; पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसतो. त्यातल्या काही जाती विषारी असतात आणि ते विष उकळून जात नाही. तवंग दिसला की पोहायचं नाही, ते पाणी स्वयंपाकाला घ्यायचं नाही, कुत्र्यालाही पाजायचं नाही. आम्ही होतो तोवर पाणी स्वच्छ राहिलं. भांडी मात्र काठावर घासू नयेत. साबण कुठलाही असो, पाण्यापासून निदान 60 मीटर दूर जावं. तिथे तशी मोरीच बांधलेली होती, तरी दोन कुटुंबं काठावर बसून भांडी घासताना दिसली. वाईट वाटलं. मी जाऊन सांगितलं. एकीने ऐकलं.

डास होते. सूर्य मावळल्यावर पाऊण तास त्यांचा असतो. तेवढा वेळ आम्ही लांब बाह्यांचे कपडे घालून वाऱ्याच्या बाजूला बसायचो, नंतर त्रास फारसा नव्हता.

खरी तक्रार दोन गोष्टींची. स्वच्छतागृहावर रात्रभर जळणारा पांढराशुभ्र मोठा दिवा. आईसारख्यांना वाटेवर उजेड हवा हे मान्य, पण तो पायाच्या उंचीवर, पिवळसर आणि खाली झुकलेला असला तरी पुरतो. या दिव्याने अर्धं आकाश धुऊन टाकलं होतं. दुसरी तक्रार आवाजाची. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता वाकून पाण्यावरूनच लांबवर येतो. पलीकडच्या काठावरचा स्पीकर शेजारच्या तंबूत असल्यासारखा ऐकू येत होता. शांततेची वेळ रात्री दहाची होती. व्यवस्थापकांनी साडेदहाला तो बंद करवला, पण त्यासाठी मला दोनदा जावं लागलं. स्पीकर थांबल्यावर लव्हाळ्यांतून टिबुकलीची थरथरती शीळ आली आणि आई अंधारात म्हणाली, “ऐकतेयस ना?”

मग डोंगर. तळं 600 मीटरवर होतं, ही जागा 1,900 वर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात, म्हणजे फक्त चढाचे आठ-साडेआठ अंश कमी. हा हिशेब घरी केला होता म्हणून सामान बरोबर होतं. स्लीपिंग बॅगेवर तापमानाचे दोन आकडे छापलेले असतात, कम्फर्ट आणि लिमिट. बायकांनी कम्फर्टचा आकडा पाहावा. प्रमाणित चाचणीत कम्फर्ट हा सरासरी स्त्रीसाठी धरलेला असतो आणि लिमिट हा अंग आखडून झोपलेल्या सरासरी पुरुषासाठी. दुकानात ठळक अक्षरांत बहुधा लिमिट दाखवतात, आणि त्याच्या भरवशावर किती जणी रात्रभर कुडकुडल्या असतील कोण जाणे. मॅटचंही तसंच. अंगाच्या भाराने बॅगेतला भराव खाली चेपतो, त्यामुळे जमिनीची थंडी अडवायचं काम मॅटलाच करावं लागतं. उन्हाळी मुक्कामाला दोनच्या आसपासचं आर-मूल्य (थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) चालतं; डोंगरावर आईखाली मी चारच्या वरची मॅट घातली. ती सकाळी म्हणाली, “घरापेक्षा बरी झोप लागली.” मी तिच्या तोंडून घराबाहेरच्या झोपेबद्दल असं वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

तळ्याचा धडा इथे कामाला आला. दरीच्या तळाशी ओढ्यालगत सुंदर हिरवळ होती आणि बरेच तंबू तिथेच होते. आम्ही उतारावर तीसेक मीटर वरची, कमी देखणी, मुरुमाची जागा घेतली. पहाटे पाच वाजता माझा छोटा तापमापक तंबूबाहेर 7 अंश दाखवत होता. तोच हातात घेऊन खाली ओढ्यापाशी गेले तर 4. खालच्या तंबूंवर दव गोठायच्या बेतात आलेलं, आमचं आवरण जवळपास कोरडं. गार हवा पाण्यासारखी वाहते आणि खळग्यात साचते, हे शेकोटीच्या धुरावरही दिसलं. दुपारी धूर दरीतून वर चढत होता, ऊन उतरल्यावर अर्ध्या तासात त्याने दिशा बदलली आणि तो खाली वाहू लागला. चूल मांडताना हे आधी लक्षात घ्या, म्हणजे रात्री धूर तंबूत शिरत नाही.

पहिल्या रात्री भात कच्चा राहिला. त्या उंचीवर पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं. आच कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्याहून तापत नाही. दुसऱ्या रात्री कुकर काढला. पिण्याचं पाणी उकळताना एरवी खळखळून एक मिनिट पुरतं, 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं सांगतात. आम्ही त्या रेषेच्या इतक्या जवळ होतो की तीनच धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग चढले. वीज चमकली की मुलगी मोठ्याने आकडे मोजायची, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडा तिसाच्या आत आला तेव्हा आम्ही तंबू सोडून गाडीत जाऊन बसलो आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडलो नाही. तंबू विजेपासून वाचवत नाही. शेजारचे लोक झाडाखाली उभे राहिले होते. त्यांना हाक मारून पक्क्या इमारतीत जायला लावलं. कॅम्पसाइटने याची सूचना फलकावर लावायला हवी होती. तिथे चेकआउटच्या वेळेचा फलक केवढा तरी मोठा होता, विजेबद्दल अवाक्षर नव्हतं.

आणि गैरसोय आईची. स्वच्छतागृह 200 पावलांवर, शेवटची चढाची. रात्री दोनदा जायचं म्हणजे मला उठवायचं, काठी, टॉर्च, थांबत थांबत. जवळच्या जागा होत्या, पण बुकिंग करताना मी विचारलंच नाही. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर दृश्याच्या आधी हे अंतर आणि त्यातला चढ विचारा. तिथे उन्हाचा तडाखाही जास्त. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहाएक टक्क्यांनी वाढतात आणि गार वाऱ्यात ते जाणवत नाही. मुलीचं नाक सोललं.

पण तिथे रात्री दहाला दिवे बंद होत. पूर्णपणे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून हेडलॅम्प लाल उजेडावर ठेवून आम्ही मुरुमावर मॅट टाकल्या आणि आडव्या झालो. आकाशगंगेचा पट्टा आधी ढगासारखा वाटला, मग त्याच्यातल्या काळ्या फटी दिसायला लागल्या. देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका मी मुलीला शोधून दिला. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तो उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला. आई कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “माझ्या लहानपणी अंगणातून हे दिसायचं. कधी दिसायचं बंद झालं गं?”

मला उत्तर देता आलं नाही. मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

पुढच्या वर्षीचं बुकिंग केलं आहे. तळ्यावर चार रात्री, जागा क्रमांक 14, आणि दिव्याबद्दल एक सविस्तर पत्र आधीच पाठवलं आहे. डोंगरावर दोन रात्री, स्वच्छतागृहाच्या खालच्या अंगाची सपाट जागा, अमावास्येच्या आसपास. मुलीने समुद्राचं विचारलं. एक अख्खा दिवस जाऊ, अंधार पडायच्या आत निघू, असं ठरलंय.