टेड विल्यम्स की चार्ली लाउ? बेसबॉलच्या स्विंगच्या दोन तऱ्हा

बॅट हातांच्या ताकदीवर फिरते, हा पहिला गैरसमज. जोर जमिनीतून येतो: पाय, मग कंबर, मग खांदे आणि सर्वांत शेवटी हात. इथवर फलंदाज टेड विल्यम्स आणि फलंदाजीचा प्रशिक्षक चार्ली लाउ या दोघांचं जमतं. वाद पुढे आहे.

विल्यम्सचा सगळा भर कमरेच्या गिरकीवर. पुढचं पाऊल छोटं टाकायचं, कंबर आधी उघडायची (म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे वळवायची), हात मागे राहू द्यायचे. बॅटचा मार्ग किंचित खालून वर. कारण अगदी साधं आहे. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, 10 इंच उंच माउंडवरून (मातीच्या उंचवट्यावरून) फेकतो, म्हणजे चेंडू उतरत येतो. बॅट त्याच रेषेत चढली, तर टायमिंग थोडं चुकलं तरी चेंडू बॅटवर येतो. 1941 मध्ये विल्यम्सने .406 ची सरासरी गाठली, म्हणजे दर हजार प्रयत्नांत 406 यशस्वी फटके. अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एक) त्यानंतर कुणालाही .400 जमलेलं नाही.

लाउ वजनाबद्दल बोलतो. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर न्या, डोकं खाली ठेवा, चेंडू लागल्यावर दांड्यावरचा वरचा हात सोडून बॅट लांबवर जाऊ द्या. त्याच्याकडे शिकलेल्या जॉर्ज ब्रेटने 1980 मध्ये .390 गाठले.

मला विल्यम्सचं पटतं, कारण त्याचं उत्तर चेंडूच्या वाटेतून निघतं. पण बाहेरच्या कोपऱ्यावरचा, म्हणजे फलंदाजापासून दूरचा चेंडू असेल तर लाउचं ऐकावं. तिथे घाईने कंबर उघडली की बॅटचं फक्त टोक लागतं आणि हातांना झिणझिण्या येतात.