अ‍ॅल्युमिनियमचं सात इंची रीळ: चार महिने वापरून

आधीच सांगतो, टेपरेकॉर्डरचं हे रीळ मी चुकीच्या समजुतीने घेतलं: रीळ बदललं की टेप आपोआप सरळ गुंडाळली जाईल. तरी घेतल्याचा पश्चात्ताप नाही.

दुखणं असं होतं. वडिलांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर बऱ्याच वर्षांनी चालू केला. मोटर फिरली, आवाजही आला, आम्ही खूश. पण एक बाजू वाजून झाल्यावर उजवीकडच्या रिळाकडे बघितलं तर टेप सपाट बसलेलीच नव्हती. जुन्या वहीची पानं कडेला मागेपुढे व्हावीत तशी. चार पदर वर आलेले, मध्येच खड्डा, पुन्हा दोन पदर वर. ताई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "वाजतंय ना? मग गुंडाळी कशीका असेना."

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण पाव इंची टेप म्हणजे रुंदी सहा मिलिमीटरच्या जेमतेम वर, आणि आमचं यंत्र चार ट्रॅकचं, म्हणजे एवढ्याच रुंदीत आवाजाचे चार समांतर पट्टे. पहिला ट्रॅक अगदी काठावर असतो, आणि वडिलांनी एकाच माइकवर केलेलं सगळं रेकॉर्डिंग नेमकं त्याच ट्रॅकवर. वर आलेला पदर रिळाच्या चकतीला घासतो, दाबला जातो, त्याचा काठ मुडपतो. मुडपलेला काठ हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट चिकटत नाही आणि तिथे आवाज बुडतो. एका जागी वडील ताईला हाक मारतात, त्यातलं "ता" ऐकू येतं आणि "ई" गायब होतं. ते ऐकल्यावर ताईचं मत बदललं.

तर रीळ. सात इंची, दोन्ही चकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या, मधल्या गाभ्याला तीन-तीन स्क्रूंनी बसवलेल्या. जुनं प्लास्टिकचं रीळ फिरताना डुगडुगायचं. चकतीच्या काठाजवळ पेन्सिलीचं टोक स्थिर धरून बघितलं, तर एका फेरीत काठ दोनेक मिलिमीटर आत-बाहेर व्हायचा. नव्या रिळाचा काठ पेन्सिलीपासून जवळजवळ हललाच नाही. सरळपणाला पैकीच्या पैकी.

पेटीतून काढलं तेव्हा एक स्क्रू अर्धा फेरा सैल होता. लहान पेचकसाने आवळला. हे न बघता वापरलं असतं तर धातूची चकतीही तिरकी बसली असती आणि मी रिळाला शिव्या घातल्या असत्या. चकत्यांना जी खिडक्यांसारखी भोकं आहेत, त्यातल्या एकीच्या कडेला बारीक खरखरीत धार राहिलेली होती. बोट फिरवताच कळलं. ती अगदी बारीक पॉलिश पेपरने घासली आणि रीळ पुसून मगच टेप लावली. या किरकोळ गोष्टी कारखान्यातच व्हायला हव्या होत्या.

आता मुख्य मुद्दा. नव्या रिळावर टेप सरळ बसली का? निम्मी.

जुन्या रिळावर वाजताना दोन आवाज यायचे, हे मला नवं लावल्यावर कळलं. एक "खर्र... खर्र..." असा, प्रत्येक फेरीला एकदा. तो वाकड्या चकतीचा. नवं रीळ लावताच तो गेला. दुसरा मात्र सतत, बारीक, कागदावर नख ओढल्यासारखा. तो तसाच राहिला. फेरीला एकदा घासलं तर रीळ वाकडं, सतत घासत असेल तर रिळाची उंची चुकलेली. एवढं समजायला मला एक रविवार लागला.

ताईने टॉर्च धरला आणि मी डोळा रिळाच्या पातळीवर आणून बघितलं. टेप तिला वाट दाखवणाऱ्या शेवटच्या खुंटीवरून रिळात शिरताना दोन चकत्यांच्या मधोमध शिरायला हवी. ती खालच्या चकतीला घासत होती. मी शहाणपणा केला: खाली घासतेय ना, मग रीळ वर घ्या. रीळ ज्या तबकडीवर बसतं तिच्या मधल्या जाड भागाला दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) आहेत, ते अ‍ॅलन की लावून सैल केले आणि तबकडी वर सरकवली. घासणं दुप्पट झालं. ताई म्हणाली, "अरे, टेप कुठे हलली? तू रीळ हलवलंस." बरोबर होतं तिचं. टेपची पातळी खुंट्यांनी आणि कॅपस्टनने, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याने, ठरवलेली असते. टेप खालच्या चकतीला लागतेय याचा अर्थ रीळच वर आहे. मग तबकडी खाली घेतली, आधीच्या जागेपेक्षाही व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी खाली, आणि तो बारीक आवाज थांबला.

इथे एक विनंती. उंची बघताना हेडच्या आणि खुंट्यांच्या स्क्रूंना हात लावू नका. तबकडी चुकली तर परत आणता येते. हेड एकदा हललं की ते जागेवर आणायला चाचणी टेप, म्हणजे जुळवणीसाठी ठरावीक आवाज भरलेली टेप, लागते. पिंच रोलर, म्हणजे टेपला कॅपस्टनवर दाबणारं रबरी चाक, मात्र जरूर बघा. त्याचं रबर काचेसारखं गुळगुळीत झालेलं असेल किंवा तो कॅपस्टनला समांतर दाबत नसेल, तर टेप तिथेच वर चढते नाहीतर खाली उतरते, आणि मग रीळ सोन्याचं आणलं तरी उपयोग नाही. आमचा फक्त मळलेला होता. पुसताना कापडावर तपकिरी पट्टा उमटला.

रीळ विकणारे "सोन्यासारखी गुंडाळी" म्हणतात, त्यावर माझा आक्षेप आहे. चकत्या ही टेपला सरळ ठेवणारी भिंत नव्हे. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन हा टेपरेकॉर्डर दाखवला. पुढे जर्मन रेडिओ स्टुडिओंत कितीतरी वर्षं टेप नुसत्या गाभ्यावर गुंडाळलेली असे, वर चकतीच नाही. हातात धरलेली ती गुंडाळीची थाळी सुटत नसे, कारण ती योग्य ताणाने गुंडाळलेली असे. म्हणजे सरळ बसवतो तो ताण. चकती टेपला फक्त सांभाळते, आणि वाकडी असली तर छळते.

ताणाच्या बाबतीत या रिळाचा एक गुण आणि एक दोष एकाच गोष्टीत आहे: गाभा मोठा आहे, साधारण चार इंचाचा. साध्या यंत्रात गुंडाळणारी बाजू एकाच जोराने ओढते. त्यामुळे गाभ्याजवळ टेप घट्ट बसते आणि बाहेर येत जावं तशी सैल होते. गाभा मोठा असला की हा फरक कमी होतो, आणि बाहेरचे पदर खरोखरच जास्त नीट बसतात. पण मग जागा कमी. आमची ५४० मीटरची लाँग प्ले, म्हणजे साध्यापेक्षा पातळ, टेप यात मावली नाही, चौथा हिस्सा बाहेर उरला. ३६० मीटरची साधी टेपही जाड असल्याने पूर्ण मावत नाही. खोक्यावर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. एक तारा इथेच कापतो.

वजनही बघा. प्लास्टिकपेक्षा हे जड आहे. फास्ट फॉरवर्डमधून एकदम स्टॉप दाबलं तेव्हा आमच्या जुन्या ब्रेकला ते पेललं नाही. रीळ फिरत राहिलं आणि टेपचा हातभर फास बाहेर आला. आता मी स्टॉपच्या आधी बोट हलकेच चकतीच्या काठावर ठेवतो. यंत्र उभं ठेवून चालवत असाल तर रिळाला रबरी टोपी घालाच, नाहीतर ते पुढे सरकतं आणि सगळी उंची पुन्हा चुकते.

आणि जलद गुंडाळणी. ती या रिळावरही खडबडीतच येते. वेगात पदरांमध्ये हवा अडकते आणि मागची बाजू गुळगुळीत असलेली टेप सरकते. मागून काळा, मॅट थर दिलेल्या टेपांना हा त्रास कमी होतो. आमच्या सगळ्या गुळगुळीत, चकचकीत. त्यामुळे ठेवून द्यायची टेप मी रिवाइंड करतच नाही, वाजवूनच गुंडाळतो. ५४० मीटरला सेकंदाला १९ सेंटिमीटरच्या वेगाने पाऊण तासाहून थोडं जास्त लागतं. मुलगा म्हणतो, "बाबा, एवढ्या वेळात आख्खी कॉपी झाली असती." कॉपी तेव्हाच होतच असते, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

एक टेप मात्र काहीही केलं तरी वेडीवाकडीच बसते. दुसरी लावली की सपाट, ही लावली की पुन्हा डोंगर. तिचा काठच नागमोडी झालाय. रीळ घेण्याआधी हीच अदलाबदल करून बघा: टेप बदला, मग रीळ बदला, आणि खोट कोणाबरोबर जाते ते पाहा. हे मी शेवटी केलं, खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

पाचपैकी साडेतीन तारे. सरळपणासाठी घ्या, गाभ्याचं माप विचारून घ्या. मी दुसरं मागवलंय, लहान गाभ्याचं, आणि तोवर ताईच्या हाकेची टेप अर्धी-अधिक धातूवर आणि उरलेली त्याच डुगडुगत्या प्लास्टिकवर आहे.