इंटरमिजिएटचे ड्रॉइंग क्लास: फी कशाची, शिकवणी कशाची

जून उजाडला की डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत सोसायट्यांच्या गेटांवर ‘एलिमेंटरी-इंटरमिजिएट, हमखास ए ग्रेड’ असे बोर्ड लागतात. गर्दी का होते हे सगळ्यांना माहीत आहे. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षेतली इंटरमिजिएट (एलिमेंटरीच्या वरची पायरी) पास झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात: ए ग्रेडला ७, बीला ५, सीला ३. पालक या सातांकडे बघून फी भरतात. त्यामुळे बरेचसे क्लास चित्र शिकवत नाहीत, ग्रेड शिकवतात. ग्रेड मिळतेही. पण त्याच मुलाला पुढे अप्लाइड आर्टला (उपयोजित कलेला) किंवा डिझाइनला जायचं असेल तर अकरावी-बारावीत सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

एखाद्या क्लासचं नाव घेऊन चांगला-वाईट म्हणण्यापेक्षा पेपरनिहाय काय तपासायचं ते बघू.

सुरुवात स्थिरचित्राने, कारण क्लासचं पितळ इथेच उघडं पडतं. डेमो बघायचा तर याच तासाला जा. टेबलावर साधारण एक कळशी किंवा लोटा, दोन वांगी, एखादा खोका आणि मागे कापड असतं. आधी उजेड बघा. वर दोन ट्यूबलाइट आणि बाजूला खिडकी असेल तर प्रत्येक वस्तूच्या दोन-तीन सावल्या पडतात आणि कुठली काढायची हे मुलाला कळत नाही. जाणते शिक्षक दिवे बंद करून एका बाजूचा उजेड ठेवतात. मग टेबलाची उंची. मुलं बाकावर बसत असतील तर मांडणी त्यांच्या डोळ्यांच्या बरीच खाली हवी, म्हणजे लोट्याचं तोंड लंबगोल दिसतं. ती डोळ्यांच्या रेषेत आली तर तोंड सरळ रेघ होतं आणि लंबगोल शिकायचा राहतोच. तिसरी गोष्ट संख्या. एका मांडणीभोवती आठ-दहा मुलं ठीक. वीस असतील तर मागच्या रांगेतली पुढच्याच्या बोर्डावरून उतरवतात.

चुका ठरलेल्या असतात. लोट्याचं तोंड गोल आणि बूड सपाट रेघेवर बसवलेलं, ही सगळ्यात मोठी. टेबल सपाट आहे हे मुलाला माहीत असतं, म्हणून तो बूडही सपाट काढतो. खरं तर डोळ्यांच्या रेषेपासून जितकं खाली जावं तितका लंबगोल अधिक फुगतो. बूड वक्र हवं आणि तो वक्र तोंडाच्या लंबगोलापेक्षा फुगीर हवा. लंबगोलाची दोन टोकं टोकदार करणं ही त्याची जुळी चूक. उपाय साधा आहे: मधली उभी अक्षरेषा आधी, मग दोन्ही बाजू तिच्यापासून मोजून. पेन्सिल हात ताठ ठेवून धरायची, एक डोळा मिटायचा. कोपर वाकलं की माप चुकलं.

रंगात पितळ म्हणजे पिवळा अधिक तपकिरी असं शिकवणारा क्लास सोडून द्या. पितळेत शेजारचं वांगं आणि मागचं कापड उमटतं. सर्वांत उजळ ठिपका आणि सर्वांत गडद भाग अगदी शेजारी-शेजारी असतात, म्हणून ते चकाकतं. जलरंगात तो उजळ ठिपका म्हणजे कोरा ठेवलेला कागद. तो आधीच राखायचा. नंतर पांढरा टेकवला तर खडू लागल्यासारखा दिसतो. सावलीत काळा घातला की चित्र मळतं. त्याच वस्तूच्या रंगात थोडा निळा किंवा विरोधी (रंगचक्रात समोरचा) रंग मिसळला की पुरतं.

आणि दुरुस्ती. बरा शिक्षक आपल्या कागदावर किंवा समासात काढून दाखवतो. दुसरा मुलाचा ब्रश हातात घेतो आणि चित्र पुरं करून देतो. घरी चित्र सुंदर जातं, फॅमिली ग्रुपवर अंगठे येतात, आणि परीक्षेच्या केंद्रावर मूल कोऱ्या कागदापुढे अडतं. मुलाच्या चित्रात दोन हात दिसतात का, हे पालकाला जरा निरखलं तर ओळखू येतं.

स्मरणचित्रात पाठांतराचा धंदा उघडउघड चालतो. भाजी मंडई, बसस्टॉप, फुगेवाला, विसर्जन मिरवणूक असे आठ-दहा प्रसंग घोटून घेतात, आणि प्रश्न जरा वळणाचा आला की मूल मंडईतल्याच माणसांच्या हातात छत्र्या देऊन मोकळं होतं. परीक्षकाला हे लगेच दिसतं, कारण त्या केंद्रावरच्या पंधरा कागदांवर तीच बाई तीच पिशवी घेऊन उभी असते. चांगल्या तासात मुलांना जोड्या करून पाच-पाच मिनिटांची झटपट मानवाकृती काढायला लावतात: वाकलेली, बसलेली, ओझं उचलणारी, पाठमोरी. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांचा, लहान मूल पाच-सहांचं, एवढं माप पुरतं. त्यात एकच नियम पक्का बसवावा. सपाट जमिनीवर आपण उभे असू तर उभ्या मोठ्या माणसांची डोकी जवळपास एकाच रेषेत येतात आणि लांबच्यांचे पाय वर सरकतात. हे न कळलेली मुलं लांबची माणसं नुसती लहान करतात आणि पायही जवळच्यांच्याच रेषेत ठेवतात, मग मोठ्यांच्या गुडघ्याशी बुटकी माणसं उभी राहतात.

संकल्पचित्र, म्हणजे नक्षीकाम, मात्र बहुतेक ठिकाणी नीट शिकवतात, हे मान्य करायला हवं. आकृती समान भागांत विभागायची, एका भागाची नक्षी ट्रेसिंग पेपरवर घ्यायची, बाकी भागांवर उतरवायची. ट्रेसिंगच्या मागे ग्रॅफाइट (पेन्सिलीचं शिसं) फार घासलं तर कागद काळवंडतो आणि फिक्या रंगातून तो डाग वर येतो, म्हणून रेघांपुरतंच घासायचं. पोस्टर रंगाचा सपाट हात बसायचा तर रंग दह्यापेक्षा पातळ आणि ताकापेक्षा दाट हवा. पहिला हात पूर्ण वाळू द्यायचा, ओलसर असताना दुसरा दिला तर खालचा उचलतो आणि पट्टे पडतात. प्रत्येक छटा पूर्ण आकृतीला पुरेल एवढी आधीच कालवून ठेवायची, कारण मध्येच संपली तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. वाळल्यावर गडद छटा थोडी फिकी आणि फिकी थोडी गडद होते, म्हणून कडेला ठिपका वाळवून बघायची सवय लावतात तो क्लास चांगला. नक्षी नाजूक आणि छटा सगळ्या मध्यम, असं झालं की लांबून काहीच दिसत नाही. तीन-चार रंगांत गडद-फिक्याचा ठळक भेद असला की काम होतं.

भूमिती बहुतेक क्लास शेवटच्या दोन आठवड्यांत उरकतात. तिथे गुण आपोआप हातात येतात, तरी. कंपासचा स्क्रू ढिला, पेन्सिल बोथट, रचनेच्या रेषा खोडलेल्या: गुण जातात ते यात. रचनेच्या रेषा बारीक ठेवायच्या, खोडायच्या नाहीत. घनभूमितीत प्लॅन (वरून दिसणारी आकृती) आणि एलिव्हेशन (समोरून दिसणारी) पाठ करून भागत नाही. साबणाचा खोका, शंकू, नळकांडं हातात देऊन वरून-समोरून बघायला लावणारे शिक्षक विरळाच. अक्षरलेखनात प्रत्येक अक्षराला समान चौकट देण्याची खोड मोडायला हवी. रोमनमधले ए आणि व्ही शेजारी आले की मध्ये भोक पडतं, तिथे जागा कमी करायची.

क्लासचं ‘किट’ घेऊ नका. आत पातळ केसांचे ब्रश आणि नको त्या छटा असतात. बारा पोस्टर रंगांचा साधा कॅमल सेट, पांढऱ्याची जादा बाटली (तीच आधी संपते), २, ४, ६, ८ नंबरचे गोल ब्रश, एक सपाट ब्रश, पाण्याचे दोन डबे. सराव साध्या कार्ट्रेज (ड्रॉइंगच्या) कागदावर, २८ बाय ३८ सेंटिमीटरच्या आसपास. महागड्या हँडमेड कागदावर सराव केलेला हात साध्या कागदावर रंग पसरवताना गडबडतो.

कुठला प्रकार बरा? शाळेतले जादा तास सर्वांत स्वस्त, आणि कलाशिक्षक खमका असेल तर पुरेसे. निवृत्त कलाशिक्षकांच्या घरची छोटी बॅच आमच्या मते सर्वांत उत्तम, फक्त भूमितीचं वेळापत्रक आधी विचारून घ्या. ऑनलाइन संकल्पचित्राला आणि भूमितीला चालतं, स्थिरचित्राला नाही. स्क्रीनवरची वस्तू आधीच सपाट झालेली असते.

‘एनआयडी-यूसीड फाउंडेशन’ची (डिझाइनच्या प्रवेश परीक्षांच्या तयारीची) पाटी त्याच क्लासवर दिसली तर एवढंच विचारा की इंटरमिजिएटच्या तासाहून वेगळं काय घेता. आयआयटी मुंबईच्या यूसीडचा एक भाग संगणकावर असतो आणि दुसऱ्यात कागदावर चित्र काढावं लागतं. बीएफएच्या (ललित कलेच्या पदवीच्या) सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, वस्तुचित्र (स्थिरचित्राच्याच जातीचं), स्मरणचित्र आणि संकल्पचित्र परत भेटतात, जोडीला सामान्य ज्ञान. म्हणजे सीईटीसाठी इंटरमिजिएटला बसलेला हात थेट कामाला येतो, यूसीडला त्यावर निरीक्षणाची आणि प्रश्न सोडवण्याची वेगळी तयारी लागते. दोन्हींसाठी एकच वर्ग आणि एकच वही असेल तर जादा फी भरण्यात अर्थ नाही.