पानावर 5760 दिसलं की तिथेच थांबा

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर धीर होणार नाही. तीन प्रोजेक्टर जोडून एक मोठं चित्र दाखवायच्या कामात माझे 21 लाख 75 हजार गेले. बुकिंगला 9 लाख 60 हजार, माल निघण्याआधी 10 लाख 80 हजार, आणि पडदा "वरच्या दर्जाचा" घ्यायचा म्हणून वेगळे 1 लाख 35 हजार. मी 22 वर्षं साउंड आणि लाइटच्या धंद्यात आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण "कळत नसेल त्यातलं, म्हणून फसला" हे ऐकून कान किटलेत. मला वायर कळते, लोड कळतो, अॅम्प्लिफायरच्या डब्यावर छापलेले वॉट आणि खरे वॉट यातला फरक मी दुसऱ्यांना शिकवलाय. आणि प्रोजेक्टरच्या डब्यावर छापलेल्या ल्युमेन्सवर, म्हणजे उजेडाच्या आकड्यावर, मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला.

काम असं होतं. वळणदार पडदा, वळणावरून मोजला तर 15 मीटर, उंची 3.6 मीटर, कमान 120 अंशांची. तीन प्रोजेक्टर शेजारी शेजारी टांगायचे, प्रत्येकाची कड पुढच्यावर चढवायची, चढलेल्या भागात दोघांचा उजेड उतरता करत न्यायचा आणि लोकांना एकच अखंड चित्र दिसायचं. याला म्हणतात एज ब्लेंडिंग. ज्याच्याकडून प्रोजेक्टर घेतले त्याने मला 38 पानांचा डिझाइन रिपोर्ट पाठवला. हॉलचं थ्रीडी चित्र, प्रोजेक्टरमधून निघणारे रंगीत किरण, पहिल्या पानावर माझ्या फर्मचं नाव सोनेरी अक्षरात. बायको म्हणाली, "एवढी मेहनत फुकटात कोण घेतं?" तिला ती तारीफ वाटली नव्हती, शंका होती. मी तारीफ म्हणून ऐकलं.

त्या रिपोर्टच्या पान 4 वर लिहिलं होतं: एकूण रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले आडवे × उभे पिक्सेल, 5760 × 1200. आणि पान 11 वरच्या आकृतीत शेजारच्या दोन चित्रांचा ओव्हरलॅप 20 टक्के. आता तुम्हीच हिशेब करा. एका प्रोजेक्टरचे आडवे पिक्सेल 1920, तीन म्हणजे 5760, बरोबर. पण 20 टक्के ओव्हरलॅप म्हणजे एका जोडावर 384 पिक्सेल दोघांचे सामाईक. असे दोन जोड. 5760 मधून 768 गेले की राहतात 4992. माझ्या 15 मीटरला 3.6 मीटर उंची याच 4992 × 1200 ला जुळते, 5760 ला जुळतच नाही, उंची जवळजवळ अर्धा मीटर कमी पडते. पान 4 आणि पान 11 दोन्ही एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. चौथीतली वजाबाकी! रिपोर्ट माझ्या टेबलावर दोन महिने पडून होता. ज्याने आयुष्यात एकदा तरी ब्लेंड केलंय तो कोटेशनमध्ये नुसतं तिप्पट लिहीत नाही. तुमच्या पानावर असा तिपटीचा आकडा दिसला तर समोरच्याला एवढंच विचारा, "ओव्हरलॅप वजा करून किती?" तो अडखळला तर उठा.

पण हे कागदावरचं झालं. कागद नीट वाचला नाही, ठीक आहे, कोण वाचतं. ज्या गोष्टीने आजही रात्री झोप उडते ती वेगळी आहे.

डेमो. त्याच्या हॉलमध्ये 6 मीटरचा पडदा, दोन प्रोजेक्टर, दोन्ही काळ्या लाकडी खोक्यांत बंद, फक्त भिंगं बाहेर. "पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून, साहेब." अंधार गुडुप. चित्र काय तर निळं आभाळ, बर्फाचे डोंगर, पिवळं शेत. सगळं लख्ख. जोड शोधून सापडेना. माझ्याबरोबर माझ्याकडे काम करणारा मुलगा होता, लाइटवर असतो, 24 वर्षांचा. व्हिडिओ संपला आणि पुढचा सुरू होईपर्यंत पडदा काळा झाला. दोन सेकंद, जास्तीत जास्त तीन. त्या काळ्यावर मधोमध एक राखाडी उभा पट्टा होता. मी पाहिला. हो, पाहिला. मुलगा हळूच म्हणाला, "दादा, मध्ये पट्टा दिसला." तो माणूस हसला, "सिग्नल गेला की प्रोजेक्टर तसं करतो, चालू शोमध्ये येत नाही." आणि मी, समोरच्यासमोर लाज नको म्हणून, माझ्याच पोराला म्हणालो, "तू गप रे, ते त्यातले आहेत."

तो पट्टा म्हणजेच सगळं होतं. प्रोजेक्टरचा काळा कधीच खरा काळा नसतो, थोडा उजेड झिरपतोच. दोन चित्रं चढतात तिथे झिरपणंही दुप्पट. पांढरं उतरतं करता येतं, झिरपलेला उजेड शून्याखाली नेता येत नाही. म्हणून शहाणा माणूस बाकीच्या भागाचा काळा मुद्दाम थोडा उचलून सारखा करतो, किंवा मुळातच चांगल्या कॉन्ट्रास्टचा प्रोजेक्टर निवडतो. त्याने यातलं काही केलं नव्हतं, फक्त अंधारी दृश्यं दाखवायची टाळली होती. डेमोला जाल तर तुमचा स्वतःचा पेनड्राइव्ह न्या. त्यात एक पूर्ण काळी फ्रेम, एक पूर्ण पांढरी, एक मधली राखाडी आणि एक पिक्सेल पांढरा एक पिक्सेल काळा अशा उभ्या रेषांची. "आमच्या सिस्टीमला बाहेरची फाइल चालत नाही" असं कोणी म्हणालं तर पैसे देण्याचा विषयच संपला.

जोड लपवायची कटकट आजची नाही. 1952 साली सिनेरामा आलं तेव्हा तीन फिल्म प्रोजेक्टर 146 अंशांच्या खोल वळणाच्या पडद्यावर चालायचे, आणि जोडावरची रेघ पुसट व्हावी म्हणून फिल्मच्या कडेपाशी दातेरी पट्ट्या थरथरत्या ठेवायचे. तरी रेघ दिसायचीच. जिथे त्या लोकांची दमछाक झाली तिथे हा मला "सीम शून्य, गॅरंटी" असं सोनेरी अक्षरात लिहून देत होता.

माल आला. तीन खोकी, वर स्टिकर 12,000 ल्युमेन्स, 1920 × 1200. दोन पोरं टांगायला आली, ज्यांना लेन्स शिफ्ट, म्हणजे यंत्र न हलवता भिंग सरकवून चित्र सरकवणं, हा शब्दच माहीत नव्हता. असायचं कारणही नव्हतं, त्या यंत्रांना लेन्स शिफ्ट नव्हताच, भिंग बदलायची सोयही नाही. रिपोर्टात थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.2 धरला होता, म्हणजे पडद्यापासून 6.7 मीटरवर, माझ्या तुळईच्या बरोबर खाली. आलेल्या यंत्रांचा निघाला 1.5. तेवढंच रुंद चित्र हवं तर 8.4 मीटरवर जायचं, आणि तिथे उजेडाच्या वाटेत हवेची डक्ट. मग त्यांनी यंत्रं खाली उतरवली, तिरकी केली आणि कीस्टोन ही वाकडं चित्र सरळ करायची सेटिंग ओढून ओढून चित्र चौकोनी केलं. कीस्टोनने नुसतेच पिक्सेल जात नाहीत. जो भाग "कापला" तोही काळा म्हणून पडद्यावर झिरपतच राहतो. माझ्या पडद्याभोवती राखाडी त्रिकोण पसरले होते, धुतलेल्या चादरीच्या डागांसारखे.

आणि ब्लेंडिंग? सर्व्हर नव्हता, सॉफ्टवेअर नव्हतं. व्हिडिओच्या फाइलवरच कडेला काळ्या छटेचं एक चित्र चिकटवून ठेवलं होतं. तेही सरळ उतरतं. ज्याला गॅमा, म्हणजे सिग्नल आणि उजेड यांचं नातं, कळतो त्याला हसू येईल: सिग्नल अर्धा केला म्हणजे उजेड अर्धा होत नाही, गॅमा 2.2 ला तो साधारण 22 टक्केच राहतो. दोघांचे मिळून 44. म्हणून दिवसाच्या दृश्यात जोडावर काळपट पट्टा आणि रात्रीच्या दृश्यात तिथेच उजळ पट्टा. दोन्हीकडून मार. दुसरी कुठली फाइल लावली तर ती छटा नाहीच, मग नुसत्या दुप्पट उजेडाच्या दोन भिंती.

1 लाख 35 हजारांचा पडदा तर खास. "हाय गेन सिल्व्हर, उजेड वाढतो." वाढतो की. पण जास्त गेनचा, म्हणजे जास्त उजेड परत फेकणारा, पडदा उजेड सगळीकडे सारखा परतवत नाही, ठरावीक दिशेला जास्त फेकतो. दोन प्रोजेक्टरचा उजेड दोन वेगळ्या कोनांतून येतो, त्यामुळे डाव्या खुर्चीवरून एक जोड गडद आणि उजव्या खुर्चीवर बसलं की तोच जोड फिका. ब्लेंडिंगला साधा मॅट पडदा, गेन 1 च्या आसपास, हे मला नंतर ज्याने सांगितलं त्याने एक पैसा घेतला नाही.

नंतर मी लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, आणला. आधी आणायला हवा होता, माझ्या साउंडच्या पेटीत डेसिबलमीटर कायम असतो. दोन प्रोजेक्टर बंद केले, एकावर पूर्ण पांढरं लावलं, चित्राचे तीन बाय तीन भाग पाडले, नऊ ठिकाणी मोजलं. सरासरी 78 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 78 ल्युमेन्स. एका चित्राचं क्षेत्रफळ 20.8 चौरस मीटर. गुणाकार 1,622. बारा हजार नव्हे, सोळाशे! 12,000 खरे असते तर लक्स 577 च्या आसपास यायला हवे होते. मग एक पिक्सेलच्या रेषा लावल्या, कीस्टोन शून्यावर आणून. रेषा दिसल्याच नाहीत, नुसता राखाडी चिखल आणि त्यावर लाटा. स्टिकर खरवडलं तर खाली दुसरं स्टिकर: 1280 × 800. "सपोर्ट" म्हणजे यंत्र जो सिग्नल घेऊ शकतं तो, आणि "नेटिव्ह" म्हणजे यंत्रात खरोखर असलेले पिक्सेल, हे दोन वेगळे शब्द आहेत. कोटेशनवर नेटिव्ह लिहून घ्या, ल्युमेन्सपुढे एएनएसआय किंवा आयएसओ (मोजायची ठरलेली मानकं) लिहून घ्या, आणि शेवटची मोठी रक्कम तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या मीटरवर आकडा आल्यावरच द्या. मी 85 टक्के देऊन बसलो होतो. का? कारण तो म्हणाला प्रोजेक्टर आयात होतायत, भाव बदलेल. प्रत्येकजण हेच म्हणतो आणि मीही माझ्या गिऱ्हाइकांना कधीकधी म्हटलंय, म्हणून खरं वाटलं.

आता पोलीस. पहिल्या दिवशी सांगितलं, "माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली?" मी लक्सचा तक्ता पुढे केला. साहेबांनी तो उलटा धरला. मी हॉलमध्ये काढलेला व्हिडिओ दाखवला, तर म्हणाले, "चित्र दिसतंय की चांगलं." दुसऱ्या दिवशी म्हणाले हा दिवाणी मामला आहे. तिसऱ्यांदा म्हणाले पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही माणसाला प्रत्यक्ष भेटलात, डेमो पाहिलात, हे सायबर नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर आधीचे साहेब रजेवर आणि अर्ज कुणाच्या ड्रॉवरमध्ये ते कुणाला ठाऊक नाही, "नवीन अर्ज द्या." बँक म्हणाली, व्यवहार तुमच्याच मर्जीने झालाय. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कळलं की धंद्यासाठी घेतलं म्हणजे मी ग्राहकच नाही. मग कोण आहे मी? ज्या कंपनीचं नाव खोक्यांवर होतं त्यांच्या सर्व्हिस सेंटरने सीरियल नंबर तपासला आणि फोनवर सांगितलं की असा नंबर आमचा नाही. एवढंच कागदावर लिहून द्या म्हटलं, तर "तशी पद्धत नाही." ते एक पत्र मिळालं असतं तर आज माझी केस उभी असती. पाच महिने, अकरा फेऱ्या, आणि हातात काय तर पोचेचा शिक्का असलेले तीन अर्ज. पोच मात्र घेत जा, प्रत्येक कागदाची, तारखेसकट. आणि स्टिकर खरवडण्याआधी फोटो काढा. मी रागाच्या भरात आधी खरवडलं, आता समोरचा म्हणेल की स्टिकर मीच चिकटवलं.

त्याचा शेवटचा मेसेज असा होता: "साहेब, उरलेले 3 लाख 60 हजार टाका, कॅलिब्रेशनचा माणूस लगेच पाठवतो." त्यानंतर नंबर बंद. बिलावरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे फ्लेक्स छापणारा बसतो, त्याच्याकडे माझ्यासारखे दोघे आधीच येऊन गेले होते. ते दोघे कोण ते मला शोधायचंय.

हे सगळं मी गिळूनच टाकणार होतो. पण गेल्या आठवड्यात धंद्यातल्या एका मित्राने फोनवर एक फाइल पाठवली, "हे कोटेशन कसं वाटतं बघ" म्हणून. दुसरं नाव, दुसरा नंबर, तेच 38 पानी, पान 4 वर तेच 5760. शेवटी "आम्ही पूर्ण केलेली कामे" असं एक पान नवीन आहे. त्यात पहिला फोटो माझ्या हॉलचा, आणि शिडीवर वायर ओढताना माझा तोच मुलगा, ज्याला मी गप बस म्हणालो होतो.