नाग हम्मादी लायब्ररी: आठ महिन्यांच्या वाचनानंतर

नाग हम्मादी लायब्ररी म्हणजे इजिप्तमधल्या नाग हम्मादी गावाजवळ सापडलेल्या प्राचीन, बहुतेक ख्रिस्ती ग्रंथांचा संग्रह; यातले बरेचसे चर्चनं पुढे पाखंडी ठरवले. जेम्स रॉबिन्सन यांनी संपादित केलेली त्याची १९८८ची सुधारित इंग्रजी आवृत्ती माझ्याकडे आहे. आठ महिने रोज रात्री, जेवणं उरकली की अर्धा तास, असं वाचन झालं. घेताना मनात एकच होतं: पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक दीक्षेच्या वेळी नेमकं काय शिकवत, ते यात सापडेल.

१९४५च्या डिसेंबरात वरच्या इजिप्तमध्ये खतासाठी माती खणताना शेतकऱ्यांना एक रांजण सापडला. आत पॅपिरसच्या, चामडी बांधणीच्या १२ पोथ्या आणि तेराव्या पोथीची काही पानं. भाषा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा; नकला चौथ्या शतकातल्या.

पहिल्या पानापासून सलग वाचू नका. मी तसंच केलं आणि ‘योहानाच्या गुप्त ग्रंथा’तल्या अधिपतींच्या, म्हणजे जगावर सत्ता चालवणाऱ्या शक्तींच्या, नावांत महिनाभर अडकलो. आधी थोमाचं शुभवर्तमान घ्या. त्यात येशूची ११४ वचनं आहेत, रोज दोन-तीन पुरतात.

खरा जीव रमला तो फिलिपच्या शुभवर्तमानात. ही गोष्ट नाही, सुटी टिपणं आहेत. एका ठिकाणी पाच रहस्यं, म्हणजे गूढ विधी, ओळीनं येतात: बाप्तिस्मा, तेलाचा अभिषेक, प्रभुभोजन, मुक्ती आणि शेजघर (वधूवरांची खोली). पुढे यरुशलेमच्या मंदिराची उपमा येते. बाप्तिस्मा म्हणजे पवित्रस्थान, शेजघर म्हणजे परमपवित्रस्थान, मंदिराचा सर्वांत आतला गाभारा. पण शेजघरात काय घडे? त्यावर विधी म्हणून एक ओळ नाही. सुरुवातीला मी चिडलो. चौथ्यांदा वाचताना कळलं, की ज्यानं हे लिहिलं त्याच्यासमोरचे लोक तिथून जाऊन आलेले होते. त्यांना सांगायची गरजच नव्हती.

चौकटी कंसांची मात्र सवय करावी लागते. जिथे पॅपिरस कुरतडला गेला आहे तिथे कंस येतो. याच शुभवर्तमानात येशू आपली शिष्या मरिया मग्दालिया हिचं चुंबन घेई, ते कुठे, तो शब्दच फाटून गेला आहे. त्यावर लोकांनी केवढे इमले बांधले! कंसातला शब्द हा अनुवादकाचा अंदाज असतो, हे पेन्सिलीनं पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

या ग्रंथाला एका गोष्टीची जोड हवीच: यरुशलेमच्या सिरिलच्या नावावर असलेली चौथ्या शतकातली प्रवचनं. हा मुख्य प्रवाहातला बिशप, पण तोही बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना बजावतो, की इथे ऐकलेलं बाहेरच्याला सांगू नका. विधीचा अर्थ ईस्टरनंतरच्या आठवड्यात, बाप्तिस्मा होऊन गेल्यावर उलगडायचा. पश्चिमेकडे तोंड करून, हात पुढे करून सैतानाला नाकारायचं, मग पूर्वेकडे वळायचं. कपडे उतरवून अंगभर तेल, पाण्यात तीन बुड्या, आणि मग कपाळ, कान, नाक, छाती यांवर सुगंधी तेल. म्हणजे गुप्तता फक्त पाखंडी ठरलेल्यांची नव्हती. हे समजल्यावर फिलिप मला परका वाटेनासा झाला.

यंदा ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्या वसईच्या चर्चमध्ये धर्मगुरूंनी विचारलं, “तुम्ही सैतानाला नाकारता का?” हातात मेणबत्ती होती, मेण बोटांवर ओघळत होतं. दरवर्षी तोंडपाठ म्हणतो ते उत्तर यंदा घशातच अडकलं. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं, तेव्हा कुठे मोठ्यानं म्हणालो, “होय, नाकारतो.”